पहिलं फाउंटन पेन किटपासून : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर. किट निवडलं

पेनाच्या किटमध्ये धातूचे भाग तयार मिळतात, बाहेरचं लाकडी अंग आपण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, करायचं. शाईच्या पेनाने मी रोज लिहिते, पण लेथला आजवर हात लावलेला नाही. ज्यांनी पेनं केली आहेत ते सगळे एकच सांगतात : आधी साध्या बॉलपेनचं किट घे. ७ मिमीच्या दोन सारख्या नळ्या, भोक पाडायचं एकच बिट, चुकलं तरी फार जात नाही. सल्ला बरोबर आहे. मी तो मानला नाही, कारण बॉलपेन मी वापरणारच नाही आणि न वापरायच्या वस्तूत माझं मन लागत नाही. त्याची किंमत पुढच्या नोंदींत दिसेल.

किट ठरवायला चार दिवस गेले. सुरुवातीला क्लिपची नक्षी आणि मधल्या कड्याची चमकच बघत बसले होते. मग ते सोडलं आणि निबेपासून सुरुवात केली. निब क्र. ५ किंवा क्र. ६ अशा चालू मापाची हवी, म्हणजे पुढे-मागे बदलता येते. कंपनीचं स्वतःचंच वेगळं माप असेल तर निब बिघडली की पेन संपलं. कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची नळी) आणि कार्ट्रिज (शाईची तयार नळी) आंतरराष्ट्रीय मापाचं हवं. टोपण आट्यांचं हवं, दाबून बसणारं नको. मुलामा सोन्याचा नको, कारण घामाने आणि घासण्याने तोच सगळ्यात आधी उडतो. क्रोम, ऱ्होडियम जास्त टिकतात. मी क्रोम घेतलं.

सारखी दोन किटं मागवली, दुसरं अडीअडचणीला. हा या सगळ्या कामातला माझा सगळ्यात चांगला निर्णय ठरला. एक गोष्ट आधीच धरून चाला : १०.५ आणि १२.५ मिमीची बिटं, बुशिंगचा (कातताना मापासाठी तुकड्याच्या टोकांना लावायच्या धातूच्या कड्यांचा) संच, टोकं सपाट करायचा ट्रिमर आणि मँड्रेल (तुकडे ओवून लेथवर बसवायचा दांडा) यांची बेरीज दोन्ही किटांच्या किमतीपेक्षा जास्त झाली.

६ नोव्हेंबर. भाग मांडले

किटमधले सगळे भाग पांढऱ्या कागदावर जोडणीच्या क्रमाने मांडले, प्रत्येकाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि फोटो काढला. दोन पितळी नळ्या, टोपणाची आणि बॅरलची, म्हणजे शाई असते त्या मागच्या भागाची. दोन आट्यांचे जोड, मधलं कडं, क्लिप, वरची टोपी, खालचं टोक, बोटांनी धरायचा सेक्शन, त्यात निब आणि तिच्यापर्यंत शाई आणणारं फीड. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक भागाचा बाहेरचा व्यास मोजून फोटोवरच लिहून ठेवला.

निब आणि फीड मात्र पिशवीतून काढलीसुद्धा नाहीत. म्हटलं, तयार माल आहे, त्यात काय बघायचं. ही चूक मला २४ तारखेला कळली.

९ नोव्हेंबर. कापणं आणि भोक पाडणं

लेथ शेजारच्या काकांचं. जन्मभर त्यांनी लोखंड कातलं, लाकूड कधीच नाही, पण मशीन त्यांना पाठ आहे.

सरावाला सागाचा तुकडा, खऱ्या पेनाला शिसव. दोन्ही नळ्यांच्या लांबीपेक्षा ३-३ मिमी जास्त ठेवून कापलं. कापायच्या आधी तुकड्याच्या एका अंगाला आडवी तिरपी रेघ मारली, म्हणजे टोपण आणि बॅरल यांचे रेषे शेवटी जुळतील. रेघ मारली पेन्सिलने, आणि कातायला लागल्यावर पहिल्या मिनिटातच ती गेली. खूण नळीच्या तोंडाशी, लाकडाच्या टोकावर करायची. ती कातताना जात नाही.

साग सुरेख भोकला. शिसवात १०.५ चं बिट ४० मिमी आत गेलं तोवर सगळं ठीक होतं, मग जळका वास आला आणि बिट बाहेर पडताना लाकडाची कपची तडकून उडाली. बिट काढून हात लावला तर चटका बसला. शिसव घट्ट असतं, भुसा खाचांत दाटतो, बाहेर येत नाही आणि सगळी उष्णता आतच राहते. मी ते एका दमात पाडायला गेले होते.

दुसऱ्या तुकड्याला तीन गोष्टी बदलल्या. वेग कमी, मिनिटाला साधारण ५०० फेरे. दर ५-६ मिमीला बिट पूर्ण बाहेर काढून भुसा झटकायचा आणि हात लावून बघायचं, गरम असेल तर थांबायचं. आणि तुकडा १० मिमी जास्त लांब ठेवून बिट आरपार जाऊच द्यायचं नाही. पाहिजे तेवढं खोल गेलं की थांबायचं आणि पुढचं बंद टोक करवतीने कापून टाकायचं. बिट बाहेरच पडलं नाही तर कपची उडणार कुठून? या पद्धतीने पुढचे दोन्ही तुकडे शाबूत निघाले.

गेलं : शिसवाचा एक तुकडा, अडीच तास.

शिसवाची पूड नाकात आणि त्वचेला झोंबते, काहींना त्याची ॲलर्जीही होते. मास्क न घालता हे काम करू नका. मी पहिला तास विनामास्क केला आणि रात्रभर शिंकत होते.

१० नोव्हेंबर. नळी अर्ध्यात अडकली

नळ्या १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केल्या. गोंद आत जाऊ नये म्हणून तोंडं बंद करायची असतात. कच्च्या बटाट्याची चकती कापून तिच्यात नळी दाबली की बूच तयार होतं. हे फार छान जमतं.

मग सुपरग्लू लावला आणि नळी आत सरकवली. अर्धी गेली आणि थांबली. जोर लावला, पिळली, टेबलावर ठोकली. जागची हलली नाही. पातळ सुपरग्लू घट्ट भोकात काही सेकंदांत धरतो, त्यात मी मध्येच थांबून नळी सरळ आहे का ते बघत होते. पितळ अर्धं बाहेर, लाकूड अर्धं रिकामं, असा तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

नळी दुसऱ्या किटमधून घेतली, लाकूड पुन्हा कापलं, पुन्हा भोकलं. यावेळी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद), तेही पाच मिनिटांत धरणारं नाही, ३० मिनिटांत धरणारं. नळीला आणि भोकाच्या आत, दोन्हीकडे लावलं, फिरवत फिरवत आत नेलं, परत थोडं बाहेर काढलं, पुन्हा आत. कुठे कोरडी जागा राहू द्यायची नाही. नळी आणि लाकूड यांच्यात पोकळी राहिली तर कातताना तिथेच चीर जाते. रात्रभर ठेवलं.

गेलं : एक नळी, लाकडाचा दुसरा तुकडा, एक संध्याकाळ.

१३ नोव्हेंबर. टोकं काटकोनात

या टप्प्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. पण माझं पेन बिघडता बिघडता वाचलं ते इथेच.

नळीचं तोंड नळीच्या अक्षाला बरोबर काटकोनात हवं. केसभर तिरकं असलं तरी लेथवर बुशिंग कलतं, कातलेला आकार लंबगोल होतो आणि जोडल्यावर कडं आणि लाकूड यांच्यात एका बाजूला फट दिसते. ट्रिमर यासाठीच असतो : त्याचा दांडा नळीत जातो आणि पुढची पाती लाकूड खरवडून पितळाच्या पातळीला आणतात.

माझ्या ट्रिमरचा दांडा ७ मिमीचा, नळ्या मोठ्या. दांड्यावर नळीच्या आतल्या मापाची बाही चढवावी लागते. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून चिकटपट्टी गुंडाळून जाडी केली. पट्टी दबली, दांडा डुलला, टोक तिरकं झालं. वर बटाटा ढकलून काढल्यावर नळीच्या आत इपॉक्सीचे दोन थेंब वाळून बसले होते, तेही दांड्याला एका बाजूला ढकलत होते.

काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, पट्टीवर कधी माप बसतं का? उरलेल्या सागाची बाही कात की, लेथ समोरच आहे."

बाही कातायला वीस मिनिटं लागली. माझं लेथवरचं पहिलं नीट झालेलं काम तेच. आतले इपॉक्सीचे थेंब गोल कानशीने हलक्या हाताने काढले. मग टोकावर काळ्या मार्करने पूर्ण रंग दिला आणि ट्रिमर हाताने दोन फेरे फिरवला. एका बाजूचा काळा रंग गेला, दुसरीकडे तसाच. म्हणजे पहिली बाजू उंच. पुन्हा रंग, पुन्हा दोन फेरे. चौथ्या वेळी काळा रंग सगळीकडून एकदम गेला आणि पितळेचं अखंड, बारीक, चकचकीत वर्तुळ दिसलं. तिथे थांबायचं. पुढे गेलं की नळीच आखूड होते.

ही मार्करची युक्ती चारही टोकांना केली. एक तास. पूर्ण कामात याहून सत्कारणी लागलेला तास नाही.

१६ नोव्हेंबर. कातकाम

मँड्रेलवर बुशिंग, टोपण, बुशिंग, बॅरल, बुशिंग असं ओवलं. वेग २००० च्या आसपास. चौकोनी कोपरे जाईपर्यंत हत्यार ठकठक आपटतं, तेव्हा घाई करू नये. एकदा गोल झालं की आवाज बदलतो आणि भुश्याच्या लांब, मऊ पट्ट्या सुटायला लागतात. हत्यार धार लावलेलं असेल तरच. पट्ट्यांऐवजी पूड पडायला लागली की थांबून धार लावायची, हे मला दुपारपर्यंत समजलं.

तासाभराने बघितलं तर बॅरलच्या एका बाजूला लाकूड बुशिंगला टेकलेलं, समोरच्या बाजूला स्पष्ट पायरी. व्हर्नियरने ०.३ मिमीचा फरक. टोकं तर काटकोनात होती. मग काय?

काकांना हाक मारली. त्यांनी टेलस्टॉकच्या (मँड्रेलचं दुसरं टोक रेटून धरणाऱ्या लेथच्या भागाच्या) चाकाला हात लावला आणि लगेच म्हणाले, "एवढा का आवळलास गं? दांडा वाकलाय बघ."

मँड्रेलचा दांडा बारीक असतो. टेलस्टॉकने जोरात रेटला की तो मध्ये धनुष्यासारखा वाकतो आणि लाकूड त्या वाकलेल्या अक्षाभोवती कातलं जातं. सैल केला, मग नुसत्या दोन बोटांनी फिरेल इतकाच लावला. मँड्रेलची नटही तशीच. माप अजून १ मिमी जाड होतं म्हणून पुढच्या फेऱ्यांत सगळं सावरलं. शेवटच्या मापावर असते तर तुकडा गेला असता.

शेवटचं माप बुशिंगवरून घेऊ नका. बुशिंग पॉलिश पेपरखाली झिजतं, शिवाय प्रत्येक किटचं क्रोम थोडं जाड-पातळ असतं. मी ६ तारखेला लिहून ठेवलेल्या खऱ्या भागांच्या मापाशी जुळवलं, आणि वर चढणाऱ्या थरासाठी लाकूड किंचित, कागदाच्या जाडीएवढं, कमी ठेवलं.

१७ ते २१ नोव्हेंबर. चकाकी

घासकाम १५० पासून ६०० पर्यंत. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने हाताने घासायचं. नाहीतर गोल गोल ओरखडे राहतात, ते लाकडावर दिसत नाहीत आणि वर चमक आली की उठून दिसतात. शिसव तेलकट असतं, म्हणून थर द्यायच्या आधी ॲसिटोनने पुसलं.

थर सुपरग्लूचेच. कागदी रुमालाच्या घडीवर दोन थेंब, लेथ मंद, एका हातात पूर्ण लांबीवरून फिरवायचं. वाफ डोळ्यांना लागते, खिडकी उघडी ठेवा. दहा थर दिले, ओल्या मायक्रोमेशने (चमक आणायच्या अगदी बारीक घासकापडाने) १५०० पासून १२००० नंबरपर्यंत घासलं, आरशासारखं झालं. मँड्रेलवरून काढायला गेले तर बुशिंग थराबरोबर चिकटलेलं. पिळलं आणि टोपणाच्या कडेची नखाएवढी पापडी निघाली. शिवाय न बुजवलेल्या टोकांमधून घासताना पाणी लाकडात शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी कडेला दुधासारखा पांढुरका पट्टा आला होता.

दोन्ही तुकडे पुन्हा लाकडापर्यंत उतरवले. तीन संध्याकाळी वाया गेल्या, पण काढलेला थर परत देता येतो हे कळलं आणि भीती गेली. दुसऱ्या खेपेला बुशिंगना मेण चोळलं, टोकांच्या उघड्या लाकडाला आधीच पातळ सुपरग्लूचं बोट लावलं, आणि काढायच्या आधी सांध्यावर पातळ पातीने गोल रेघ दिली. सुटे झाले. टोकांवर जमलेला थर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, तुकडा उभा धरून, दोन हात मारून काढला.

२३ नोव्हेंबर. जोडणी

व्हाइसच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावल्या आणि भाग एकेक करून दाबून बसवले. आट्यांचा जोड बॅरलमध्ये जाताना अर्ध्यावर कडक लागला. हाताला लगेच जाणवलं आणि मी थांबले. आत इपॉक्सीचा पापुद्रा होता. तो खरवडल्यावर जोड गुपचूप गेला. तसाच रेटला असता तर लाकूड नक्की फाटलं असतं.

टोपणात मात्र चूक झालीच. वरची टोपी बसवायचा जोड मी खालच्या, रुंद तोंडात दाबला. नळीची आतली मापं दोन्हीकडे सारखी, म्हणून भाग मुकाट्याने आत गेला. लाकडाच्या कडेला पायरी दिसली तेव्हा लक्षात आलं. नशीब, दुसरं तोंड अजून उघडं होतं. नळीत बसेल असा सपाट टोकाचा दांडा घालून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बाहेर काढला. एक तास. त्या वेळी कागदावरचा मांडणीचा फोटो खिशात होता, समोर नव्हता.

संध्याकाळी पेन जोडून झालं. बॅरलवरची एक काळी शीर कड्यापाशी थांबते आणि पलीकडे टोपणावर जवळजवळ तिथूनच पुढे जाते. कितीतरी वेळ मी टोपण उघडून परत लावत होते.

२४ नोव्हेंबर. लिहीत नाही

शाई भरली. पहिल्या शब्दाला काहीच नाही. दाबून ओढलं तेव्हा रेघ आली, तीही मध्ये मध्ये तुटत.

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली निब बघितली. तिची दोन पाती समोरून सारख्या उंचीवर हवीत, डावं पातं किंचित वर होतं. फीडही निबेच्या चिरेखाली मध्यावर नव्हतं. फीडमधल्या बारीक नाळीतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते, वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते याच रचनेचं. नाळ आणि चीर एका रेषेत नसतील तर शाईला वाट मिळत नाही.

निब आणि फीड रबराच्या तुकड्यात एकत्र धरून सरळ बाहेर ओढले. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात धुतले, कारण कारखान्यातलं तेल शाईला अडवतं. चिरेतून पितळेचा पातळ पत्रा एकदाच फिरवला. वर आलेलं पातं नखाने खाली दाबलं, भिंगात बघितलं, पुन्हा दाबलं. पाचव्यांदा जुळलं. फीड मध्यावर आणून परत बसवलं.

लिहायला लागलं, आणि छान लिहायला लागलं. हे सगळं ६ तारखेला, लाकडाला हात लावायच्या आधी, निब शाईत बुडवून दहा मिनिटांत कळलं असतं.

२५ ते २८ नोव्हेंबर. सकाळची कोरडी निब

रात्री व्यवस्थित लिहिणारं पेन सकाळी कोरडं. दोन ओळी गिरगटल्या की सुरळीत. मी पुन्हा निबेच्याच मागे लागले : पुन्हा काढली, पुन्हा धुतली, टोक १२००० च्या मायक्रोमेशवर आठाच्या आकड्यात फिरवलं. दोन संध्याकाळी गेल्या, फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी दिसल्या. टोपण लावून तासाभरात उघडलं तर पेन लगेच लिहितं, रात्रभरानेच अडतं. आणि सकाळची पहिली रेघ नेहमीपेक्षा गडद, दाट येते. म्हणजे शाई अडत नव्हती, तिच्यातलं पाणी उडून जात होतं. निबेत दोष नव्हताच.

टोपण काढलं, उघडं तोंड ओठांना घट्ट लावलं आणि फुंकलं. वरच्या टोपीच्या आट्यांमधून, क्लिपच्या बुडाशी, हवेची बारीक शीळ ऐकू आली. बोट ठेवलं की बंद, काढलं की सुरू. वरची टोपी उघडली, आट्यांना मऊ मेण चोळून भरलं, परत घट्ट लावली. फुंकून बघितलं, हवा जात नाही.

२९ ला सकाळी पहिलीच रेघ लागली.

८ डिसेंबर. दोन आठवडे वापरून

रोज दोन-तीन पानं लिहिते. पितळेमुळे पेन वजनदार आहे. टोपण मागे लावलं तर तोल मागे जातो आणि बोटं दुखतात, म्हणून टोपण टेबलावर ठेवते. धातूचा सेक्शन उकाड्यात बोटांत घसरतो, पुढचं किट निवडताना प्लॅस्टिकचा सेक्शन बघीन. चकाकीवर अजून ओरखडा नाही.

वेळ मांडून ठेवला होता : एकूण ३४ तास. त्यात कातकाम फक्त ४ तास. भोकं, गोंद आणि टोकं मिळून ११, चकाकीला १०, जोडणीला ३, निब आणि टोपणाला ६. यांतले जवळजवळ १५ तास चुका आणि त्यांची दुरुस्ती. माल गेला तो म्हणजे शिसवाचे दोन तुकडे, एक नळी आणि सुपरग्लूच्या तीन बाटल्या. सुट्या नळ्या मिळतात, दुसऱ्या किटसाठी चार मागवल्या आहेत.

दुसऱ्या किटची निब आज सकाळीच काढून धुतली आणि शाईत बुडवली. पहिल्या रेघेला लिहिली. टोपणाचे वरचे भाग हातानेच जुळवून आट्यांना मेण लावून ठेवलं. आता लाकूड कापायला घेते.